पायथ्याच्या गावाची पर्जन्यवार्ता : पॅकेट रेडिओ-नियंत्रक व संगणकाची जोडणी

मुंबईहून पुण्याकडे जाणारा लोहमार्ग कर्जत सोडल्यावर पळसदरी स्थानकापाशी दुभंगतो. एक फाटा केळवली, डोळवली, लौजी ही स्थानके घेत खोपोलीस जातो आणि मुख्य मार्ग बोरघाटाची चढण चढू लागतो. घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या या गावास पावसाचे कौतुक सांगावयास नको. कर्जत तालुक्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो व त्यांपैकी बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडून जातो. उतारावरचे हे पाणी उल्हास नदीने कर्जत, नेरळ, वांगणी व बदलापूर या बाजूस उतरते. खालापूर तालुक्याकडचे पाणी पाताळगंगेस मिळते. यास्तव पायथ्याच्या गावी पर्जन्यमापकात मोजलेला पाऊस त्या एका गावापुरता राहत नाही. खालच्या अंगास कोणाची रोपे नुकतीच लावलेली असतात, कोणाच्या खाचराचा बांध कच्चा असतो, कोणाची गुरे नदीकाठच्या गोठ्यात बांधलेली असतात. वरून येणारा आकडा वेळेवर मिळाला तर रात्र पडण्यापूर्वी निदान गुरे तरी हलविता येतात.

या भागात असे प्रसंग वारंवार येतात. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुराने बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस वेढली गेली आणि सुमारे हजार प्रवाशांस बाहेर काढावे लागले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीस पायवाटेखेरीज रस्ता नव्हता. मदत करणारे लोक पायी चढून गेले. तेथे २७ मृतदेह हाती लागले व ५७ माणसे बेपत्ताच राहिली.

आज गावोगाव मोबाइल आहे. महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्याचा ‘महावेध’ प्रकल्पही राज्यात २०१७ पासून चालू आहे व त्याची दोन हजारांहून अधिक केंद्रे आहेत. रोजच्या कामास एवढी साधने पुरेशी असून त्यांऐवजी दुसरे काही वापरण्याचे कारण नाही. प्रश्न निराळ्या दिवसांचा आहे. वीज दोन दिवस नाही, मनोऱ्याच्या बॅटऱ्या संपल्या आहेत, रस्त्यावर झाड पडले आहे आणि पाऊस थांबत नाही, अशा दिवशी आकडा कोणत्या वाटेने पाठवावयाचा? त्या दिवसासाठी जी साधने पूर्वतयारीने ठेवता येतात, त्यांपैकी ‘पॅकेट रेडिओ’ हे एक होय. त्याची जोडणी कशी करावी व कोणत्या चुका टाळाव्यात याची माहिती विस्तार कार्यकर्त्यांसाठी व जिज्ञासू शेतकऱ्यांसाठी येथे दिली आहे.

बोलून का भागत नाही

बिनतारी यंत्रावर बोलून संदेश देता येतोच, आणि मदतीची हाक देण्यास मनुष्याच्या आवाजासारखे साधन नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर हौशी बिनतारी चालकांनी, ज्यांना सामान्यतः ‘हॅम’ म्हणतात, संदेशवहनाच्या कामी हातभार लावला तो मुख्यतः बोलूनच. परंतु आकड्यांची गोष्ट वेगळी आहे. पत्र्यावर पाऊस कोसळत असताना व यंत्रात खरखर चालू असताना ‘त्रेसष्ट’ व ‘सहासष्ट’, ‘ब्याऐंशी’ व ‘ब्याण्णव’, ‘एकोणसाठ’ व ‘एकोणसत्तर’ यांतील भेद कानास कळत नाही. मराठी संख्यावाचनाचा हा जुनाच दोष आहे. ‘एकशे पंधरा’ व ‘एकशे पन्नास’ यांचेच उदाहरण घ्यावे. हवामान खात्याच्या वर्गवारीप्रमाणे चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस झाल्यास तो ‘जोरदार’, ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर झाल्यास ‘अति जोरदार’ व त्याच्यापुढे ‘अत्यंत जोरदार’ गणला जातो. ऐकण्यात एका शब्दाचा फरक झाला की आकड्याचा वर्गच बदलतो, व त्याबरोबर खालच्या गावाने घ्यावयाचा निर्णयही.

पॅकेट रेडिओमध्ये संदेश टंकित केला जातो. नियंत्रक यंत्र त्याचे लहान लहान तुकडे पाडते. प्रत्येक तुकड्यावर पाठविणाऱ्याचे व घेणाऱ्याचे सांकेतिक नाव घातले जाते आणि शेवटी सोळा अंशांची एक पडताळणी-संख्या जोडली जाते. पलीकडचे यंत्र आलेल्या तुकड्यावरून तीच संख्या पुन्हा काढून पाहते. जुळली तर तुकडा स्वीकारून पोच देते. न जुळल्यास तुकडा टाकून देते व पोच देत नाही. ठराविक वेळात पोच न आल्याने पाठविणारे यंत्र तोच तुकडा पुन्हा पाठविते. म्हणजे आकडा पोहोचेल तर बरोबर पोहोचेल, नाहीतर पोहोचणार नाही आणि पोहोचला नाही हे पाठविणाऱ्यास कळेल. चुकीचा आकडा बरोबर समजून कोणी बसून राहण्याचा संभव जवळजवळ उरत नाही.

पळसदरीकरांस हा व्यवहार नवा वाटू नये. खोपोलीचा फाटा एकेरी आहे. एकेरी मार्गावर पुढच्या स्थानकाने ‘लाइन क्लिअर’ दिल्यावाचून गाडी सोडीत नाहीत, आणि गाडी पोहोचल्याची खबर आल्यावाचून दुसरी गाडी त्या टप्प्यात घेत नाहीत. नियंत्रक यंत्रही प्रथम वाहिनीवर कान देते. दुसरे कोणी बोलत असेल तर थांबते. मार्ग मोकळा झाला म्हणजे आपला तुकडा सोडते.

या पद्धतीचा इतिहास थोडक्यात असा. हवाई बेटांवरील विद्यापीठात १९७१ मध्ये बेटाबेटांवरचे संगणक बिनतारी लहरींनी जोडले गेले. कॅनडातील हौशी चालकांनी १९७८ मध्ये पॅकेटचे प्रयोग सुरू केले आणि अमेरिकेतील टूसॉन शहरच्या हौशी मंडळींनी १९८० नंतरच्या काही वर्षांत तयार केलेला नियंत्रक जगभर पसरला. त्याची ‘टी.एन.सी.-२’ ही आवृत्ती १९८५ ची. अनेक कंपन्यांनी पुढे तिच्याच धर्तीवर यंत्रे काढली, म्हणून पुढील सूचना तिच्या आज्ञांस धरून दिल्या आहेत. महाराष्ट्रापुरते सांगावयाचे तर पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी बनविलेला ‘स्वयम्’ हा सुमारे एक किलो वजनाचा उपग्रह २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडण्यात आला. हौशी केंद्रांमध्ये पॅकेट-संदेशांची देवघेव करणे हेच त्याचे कार्य ठरविलेले होते.

परवाना आधी, यंत्र नंतर

कोणतेही प्रक्षेपण करण्यापूर्वी केंद्र शासनाच्या दूरसंचार विभागाचा हौशी चालकाचा परवाना असणे आवश्यक आहे. त्यासाठी परीक्षा असते व ती उत्तीर्ण झाल्यावर चालकास स्वतःचे सांकेतिक नाव मिळते. या सेवेवर व्यापारी संदेश चालत नाहीत. सबब भाताचे भाव, खताची मागणी वा कार्यालयाचे नित्याचे टपाल यावरून पाठवू नये. नेहमीची संदेशव्यवस्था आपत्तीत बंद पडली असता साहाय्य करणे ही गोष्ट निराळी. संदेश सांकेतिक लिपीत लपवूनही पाठवावयाचा नसतो. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने स्वतः परवाना घेतलाच पाहिजे असे नाही. गावातील वा कर्जतमधील एखादा शिक्षक, विद्यार्थी वा रेल्वे कर्मचारी तयार झाला तर त्याने यंत्र चालवावे व कार्यकर्त्याने आकडा लिहून द्यावा. मात्र असा माणूस मिळण्यापूर्वी यंत्रावर पैसा खर्च करू नये.

सामग्री

१४४ ते १४६ मेगाहर्ट्झ पट्ट्यावर चालणारा एफ.एम. रेडिओ, त्याची आकाशतार, नियंत्रक, टर्मिनल आणि १२ व्होल्टची बॅटरी एवढी सामग्री लागते. पूर्वी पडदा व कळफलक असलेले स्वतंत्र टर्मिनल वापरीत. आता कोणताही जुना संगणक टर्मिनल-प्रोग्रॅम घालून त्याचे काम करतो. नवा, महाग संगणक या कामास लावणे हा अपव्यय आहे. अक्षरे दाखविणे व अक्षरे पाठविणे याखेरीज त्याला काहीच करावयाचे नसते.

सुटा नियंत्रक आता बाजारात सहज मिळत नाही. न मिळाल्यास संगणकाच्या ध्वनी-सुविधेतूनच नियंत्रकाचे काम करणारा ‘डायर वुल्फ’ हा विनामूल्य प्रोग्रॅम आहे. परंतु जेथे संगणकावर भरवसा ठेवता येत नाही तेथे सुटा नियंत्रक अधिक बरा. संगणक बंद झाला तरी तो स्वतंत्रपणे संदेश घेऊन पुढे देत राहतो.

१४५ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे २०७ सेंटिमीटर होते. तिच्या चतुर्थांशाइतकी, म्हणजे प्रत्यक्षात सुमारे ४९ सेंटिमीटर लांबीची उभी सळई व तळाशी तेवढ्याच लांबीच्या तीन-चार तिरप्या सळया, एवढ्यावर चांगली आकाशतार गावातल्या गावात तयार होते. तांब्याची वा पितळेची सळई घ्यावी. लोखंड कोकणच्या पावसात टिकत नाही.

संगणक व नियंत्रक यांची जोडणी

ही जोडणी तीन तारांची आहे : पाठविण्याची, घेण्याची व सामाईक. संगणकाच्या नऊ खुंट्यांच्या जोडात २ ही घेण्याची, ३ ही पाठविण्याची व ५ ही सामाईक खुंटी असते. नियंत्रकाच्या पंचवीस खुंट्यांच्या जोडात सामाईक खुंटी ७ असते. नऊच्या जोडातील २ ही पंचवीसच्या ३ ला, ३ ही २ ला व ५ ही ७ ला जोडावी. ज्या संगणकास असा जोड नाही त्यास यू.एस.बी.चा परिवर्तक लावावा. रेडिओ अजून जोडू नये. एका वेळी एकच जोडणी तपासावी, म्हणजे दोष कोठे आहे हे शोधण्यात दिवस जात नाही.

आता टर्मिनल-प्रोग्रॅममध्ये वेग निवडावा. नियंत्रकावर वेग ठरविणारी कळ असल्यास ती ज्या अंकावर आहे तोच वेग संगणकावर ठेवावा. ९६०० वा १२०० हे नेहमीचे. त्यानंतर नियंत्रक चालू करताच पडद्यावर त्याच्या निर्मात्याचे नाव व खाली ‘सी.एम.डी.’ ही तीन अक्षरे आणि दोन टिंबे उमटतात. ती उमटली म्हणजे नियंत्रक आज्ञेची वाट पाहत आहे.

पडद्यावर काही अक्षरे बरोबर व काही विचित्र येत असतील तर अंशांची मांडणी जुळत नाही असे समजावे. सारीच विचित्र असतील तर वेग जुळत नाही. काहीच न उमटल्यास बहुधा २ व ३ या तारा उलट लागलेल्या असतात. टंकित केलेले प्रत्येक अक्षर दोनदा उमटत असेल तर नियंत्रक व संगणक दोघेही ते दाखवीत आहेत. संगणकाकडील ‘लोकल एको’ बंद करावा. आणखी एक अडचण जुने यंत्र विकत घेणाऱ्यास हमखास येते. पूर्वीच्या मालकाने ते ‘किस’ नावाच्या पद्धतीत ठेवलेले असते. या पद्धतीत नियंत्रक केवळ स्वरांचे रूपांतर करतो, आज्ञा घेत नाही, आणि म्हणून तो बिघडला आहे असे वाटते. संगणकावरून १९२, २५५, १९२ या क्रमांकांची तीन चिन्हे पाठविली की तो पूर्ववत् होतो. चांगले यंत्र भंगारात देण्यापूर्वी एवढे करून पाहावे.

देवनागरी संदेशासाठी

मराठी संदेशासाठी पुढील बाब महत्त्वाची आहे. टी.एन.सी.-२ जातीची यंत्रे मुळात सात अंशांच्या अक्षरांसाठी ठेवलेली असतात. इंग्रजीस सात अंश पुरतात. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह आजच्या संगणकात आठ-आठ अंशांच्या तीन घटकांनी लिहिले जाते. आठवा अंश गळाला की पलीकडच्या पडद्यावर मराठीऐवजी उलट्या अवतरणचिन्हांची, डॉलरच्या व टक्केवारीच्या चिन्हांची रांग उमटते. अशी रांग दिसल्यास रेडिओत दोष शोधू नये. नियंत्रकास ‘ए-डब्ल्यू-लेन’ आठ, ‘पॅरिटी’ शून्य व ‘एट-बिट-कॉन्व्ह’ चालू, अशा तीन आज्ञा द्याव्यात. मग ‘रीस्टार्ट’ ही आज्ञा देऊन संगणकावरही आठ अंश, पॅरिटी नाही, एक स्टॉप-अंश अशी मांडणी करावी. आज्ञा अर्थातच इंग्रजी अक्षरांत टंकित करावयाच्या असतात.

देवनागरी संदेश लांब होतो हेही ध्यानी असावे. ‘पळसदरी’ हा शब्द लिहिण्यास पाच अक्षरे व एक वेलांटी अशी सहा चिन्हे, म्हणजे अठरा घटक लागतात. तोच इंग्रजी लिपीत नऊ घटकांत बसतो. एका पॅकेटमध्ये जास्तीत जास्त २५६ घटक मावतात, म्हणजे देवनागरीची सुमारे ८५ चिन्हे. नेहमीचा वेग सेकंदास १२०० अंश असल्याने एवढे पॅकेट जाण्यास पावणेदोन सेकंदांहून किंचित अधिक काळ लागतो. गावाचे नाव व सूचना मराठीत लिहाव्यात, आकडे मात्र इंग्रजी अंकांत टंकित करावेत. एक इंग्रजी अंक एकाच घटकात जातो, देवनागरी अंकास तीन लागतात.

रेडिओची जोडणी व स्वरांची पातळी

नियंत्रकापासून रेडिओकडे चार तारा जातात : ध्वनिग्राहकाकडे जाणारा स्वर, प्रक्षेपण चालू करणारी तार, रेडिओकडून येणारा स्वर व सामाईक तार. जाळीचे आवरण असलेली केबल वापरावी, नाहीतर प्रक्षेपणाच्या लहरी नियंत्रकात शिरून तो अडकतो.

बहुतेक केंद्रे यानंतरच्या पायरीवर फसतात. नियंत्रक १२०० व २२०० हर्ट्झ या दोन स्वरांत संदेश म्हणतो. हा स्वर रेडिओस फार मोठा दिला की तो फाटतो व पलीकडचे यंत्र एकही तुकडा स्वीकारीत नाही. लांबून ऐकणाऱ्या माणसास मात्र तो खणखणीत वाटतो, त्यामुळे दोष कोठे आहे हे कळत नाही आणि चालक आकाशतार अधिक उंच करीत बसतो. मापनयंत्र असल्यास विचलन तीन ते साडेतीन किलोहर्ट्झ ठेवावे. नसल्यास दुसरा रेडिओ त्याच वाहिनीवर लावून ऐकावे : काहीच प्रक्षेपण नसताना येणाऱ्या मोकळ्या खरखरीपेक्षा पॅकेटचा आवाज थोडा मंद असावा. तो खरखरीपेक्षा मोठा वाटला तर नियंत्रकाच्या आतील पेच फिरवून कमी करावा. गावठी कसोटी आहे खरी, पण ती चांगली उपयोगी पडते.

येणाऱ्या स्वरासाठी रेडिओचा आवाज इतका ठेवावा की पॅकेट येताच ‘डी.सी.डी.’ हा दिवा लागावा व पॅकेट संपताच विझावा. हा दिवा सतत लागलेला राहिला तर नियंत्रकास वाहिनी गजबजलेली वाटते व तो जन्मभर आपली पाळी येण्याची वाट पाहत राहतो. अशा वेळी रेडिओचा स्क्वेल्च खरखर थांबेल इतकाच फिरवावा.

आता ‘मायकॉल’ या आज्ञेने परवानाधारकाचे सांकेतिक नाव घालावे. नंतर ‘टी-एक्स-डिले’ ठरवावा. रेडिओ प्रक्षेपणावर येण्यास क्षणभर लागतो. तो स्थिर होण्यापूर्वीच संदेश सुरू झाला तर आरंभ कापला जातो व सारे पॅकेट वाया जाते. ही संख्या सेकंदाच्या शतांशांत असते. आरंभी ५० ठेवावी, जोडणी नीट चालली की थोडी थोडी कमी करीत जावे, पोच येण्यात अडथळा दिसताच पुन्हा पाच-दहाने वाढवून तेथे थांबावे. पावसाळ्यासाठी पॅकेटची लांबी ६४ घटक व एका वेळी एकच पॅकेट अशी मर्यादा घालणे हितावह. खराब हवेत लांब पॅकेट एका कडाक्याने बाद होते व सारेच पुन्हा पाठवावे लागते. आखूड पॅकेट दोन गडगडाटांच्या मध्ये निसटून जाते.

पहिली चाचणी गावातच दोन रेडिओंमध्ये, कमी शक्तीवर घ्यावी. ती यशस्वी झाल्यावर कर्जतशी घ्यावी. ‘कनेक्ट’ व पलीकडचे नाव टंकित केले, पडद्यावर जोडणी झाल्याचे वाक्य आले व ‘कॉन’ हा दिवा लागला, की पुढे टंकित केलेली प्रत्येक ओळ एंटर दाबताच संदेश म्हणून जाते. आज्ञा द्यावयाची झाल्यास कंट्रोल व सी या कळा एकत्र दाबून परत यावे.

डोंगराची अडचण

या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. पळसदरीच्या पूर्वेस सह्याद्रीची भिंत उभी आहे, वायव्येस माथेरानचे पठार. कर्जत हे पुढचेच स्थानक असल्याने तेथवर अडचण पडू नये. परंतु जिल्ह्याचे ठिकाण अलिबाग दूर असून मध्ये डोंगर आहेत. तेथे थेट पोहोचण्याची अपेक्षा धरू नये. मध्ये एखाद्या उंच जागी दुसरे पॅकेट केंद्र असल्यास ते आलेले पॅकेट जसेच्या तसे पुढे देते. ‘कनेक्ट’ आज्ञेत ‘व्हाया’ लिहून त्याचे नाव दिले की झाले. नियमाप्रमाणे अशी आठपर्यंत मधली केंद्रे सांगता येतात, पण तसे कोणी करू नये. पोच शेवटच्या केंद्राकडून निघून साऱ्या वाटेने परत यावी लागते. मध्ये एका ठिकाणी तुकडा हरवला की आरंभापासून पुन्हा. तीन साधारण केंद्रांपेक्षा उंचावरचे एक चांगले केंद्र केव्हाही श्रेष्ठ. उंच जागा निवडताना वन खात्याची अनुमती पाहावी. माथेरानचा परिसर २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित आहे, तेथे मनोऱ्याचा विचार सहज करता येणार नाही.

आकडा कसा लिहावा

उत्तम यंत्रावरून चुकीचे मोजमाप पाठविले तर ते बिनचूकपणे चुकीचेच पोहोचते. पर्जन्यमापकाची नोंद सकाळी साडेआठ वाजता घेण्याची पद्धत आहे. पायथ्याच्या गावी मात्र पर्जन्यमापकाची बाटली भरून वाहण्याचा धोका असतो. २०० चौरस सेंटिमीटर तोंडाच्या मापकात चार लिटरची बाटली असेल तर ती २०० मिलिमीटर पावसातच भरते. २६ जुलै २००५ च्या पावसात मुंबईस सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर नोंद झाली हे आठवावे. मुसळधार दिवशी दर तीन तासांनी मोजून बाटली रिकामी करावी व सकाळी बेरीज कळवावी.

संदेश पुढील धर्तीवर असावा. आकडे केवळ नमुन्यादाखल आहेत :

‘पळसदरी. वेळ ११३०. पाऊस ०८३० पासून ९२ मिमी. ओढा मोरीच्या वरच्या खुणेस. पाणी चढते. वीज नाही.’

वेळ, किती वेळातला पाऊस, ओढ्याची स्थिती व पाणी चढते की उतरते एवढे आले पाहिजे. ‘खूप पाऊस’, ‘भयंकर पाणी’ अशा शब्दांनी खालच्या गावास काही कळत नाही. ओढ्याच्या मोरीवर पावसाळ्यापूर्वीच रंगाने तीन खुणा करून ठेवाव्यात व त्यांचा अर्थ खालच्या गावांस आधीच सांगून ठेवावा.

संदेश पाठविल्यावर नियंत्रकावरील ‘स्टा’ या दिव्याकडे पाहावे. तो लागलेला असेतो पोच आलेली नाही. विझला म्हणजे पलीकडच्या यंत्राने संदेश घेतला. जोडणी न करता सर्वांस उद्देशून पाठविलेल्या संदेशास मात्र पोच नसते. तो कोणी घेतला की नाही हे कळण्यास मार्ग नाही. महत्त्वाचा आकडा जोडणी करूनच पाठवावा. यंत्राने घेतला म्हणजे माणसाने वाचला असेही नव्हे. पलीकडच्या चालकाने आकडा परत टंकित करावा, असा दंडक दोन्ही केंद्रांनी ठरवून घ्यावा व नोंदवहीत वेळेसह लिहावा.

पावसाळ्यापूर्वीची तयारी

मृग लागण्यापूर्वी सारी जोडणी एकदा चालवून पाहावी. रेडिओ केवळ ऐकत असताना समजा अर्धा अँपिअर वीज घेत असेल तर चोवीस तासांत बारा अँपिअर-तास लागतील. प्रक्षेपणास याहून पुष्कळ अधिक लागते. बॅटरी या हिशेबाने घ्यावी व ती दोन दिवस ढगाळ हवेतही पुरेल असे पाहावे. दर ठराविक वेळी दहा मिनिटे यंत्र चालू करण्याची वेळ कर्जतच्या केंद्राशी ठरवून घेतल्यास बॅटरी बरीच वाचते.

आकाशतारेची केबल घरात शिरण्यापूर्वी तिला खाली एक वळसा द्यावा, म्हणजे पाणी वळशावरून ठिबकते, भिंतीतून आत येत नाही. बाहेरचा जोड रबरी पट्टीने घट्ट गुंडाळावा. एकदा केबलच्या आत पाणी शिरले की ती वरून धड दिसते पण शक्ती गिळत राहते. अशी केबल वाळवून उपयोग नाही, बदलावीच लागते. आकाशतारेच्या खांबास स्वतंत्र भूतार द्यावी. विजा चमकू लागल्या की केबल रेडिओपासून सोडवून बाहेर काढून ठेवावी. त्या वेळी संदेश थांबला तरी चालेल, चालकाने हात लावू नये. जोडांवर गंज धरतो, तो पंधरवड्यातून एकदा कोरड्या कापडाने पुसावा. नियंत्रकाच्या पेटीत सुटे फ्यूज, एक जादा केबल व आज्ञांचा मराठीत लिहिलेला कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवावा. परवानाधारक चालक त्या दिवशी गावात नसेल तर दुसऱ्या परवानाधारकास तो कागद वाचून यंत्र चालू करता आले पाहिजे; म्हणून मे महिन्याच्या अखेरीस त्या दुसऱ्याच्याच हातून एकदा पूर्ण चाचणी घ्यावी आणि पहिल्याने बाजूस नुसते बसून राहावे.